विहिरीतला सूर, मानेची दुखापत आणि साडेसात लाखांच्या सुया

केज तालुक्यातील एका शेतकऱ्याने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांचा २३ वर्षांचा पुतण्या मे महिन्यात विहिरीत सूर मारताना तळाच्या खडकावर आपटला. मानेचा मणका मोडला आणि त्याच आठवड्यात प्लेट व स्क्रू बसवण्याची शस्त्रक्रिया झाली. आज पाच महिन्यांनी त्याचे खांदे हलतात, कोपर वाकते पण सरळ करता येत नाही, मनगट वर उचलता येते, बोटे मात्र हलत नाहीत. छातीखाली हालचाल नाही आणि संवेदनाही नाही. लघवीची नळी कायम आहे. सुटीच्या कागदावर ‘सी ६, एशिया ए’ असे लिहिले आहे. एका खाजगी केंद्राच्या प्रतिनिधीने घरी येऊन स्टेम सेलच्या तीन सुया, साडेसात लाख रुपये आणि ‘सहा महिन्यांत बोटे चालतील’ अशी हमी दिली आहे, त्यासाठी एक एकर विकायचे ठरत आहे. शिवाय मेंदूत चिप बसवून चालू लागलेल्या माणसाची चित्रफीत घरातल्या सर्वांनी पाहिली आहे. यातले खरे काय आणि आम्ही काय करावे, असे त्यांनी विचारले आहे.

इसार घेण्याची तारीख आपण पत्रात दिली आहे आणि ती जवळ आली आहे, म्हणून निष्कर्ष आधी सांगतो. इसार घेऊ नये. ज्या सुयांसाठी जमीन विकायला निघाली आहे, त्यांनी आपल्या पुतण्याची बोटे चालतील असे मानायला आज भरवशाचा पुरावा नाही. मात्र त्याच्या हातांसाठी दुसरा एक उपचार खरोखर उपलब्ध आहे. तो सुयांइतका गाजलेला नाही, त्याला मुदत आहे, आणि त्या मुदतीतले पाच महिने गेले आहेत.

मी छत्रपती संभाजीनगरमध्ये २२ वर्षे पुनर्वसन वैद्यकाचे काम करतो आणि विहिरीचे रुग्ण मला दर उन्हाळ्यात भेटतात. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पाणी तळाला जाते, पण सूर मारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर दिवाळीच्या वेळची पातळी असते. बहुतेक मुले विशीतली, आणि बहुतेकांच्या कागदावर हीच अक्षरे असतात, म्हणून त्यांचा अर्थ आधी समजून घेऊ. ‘सी ६’ म्हणजे मानेतून निघणाऱ्या सहाव्या मज्जातंतूपर्यंतचे काम शाबूत आहे. कोपर वाकवणे पाचव्याकडे, मनगट उचलणे सहाव्याकडे, कोपर सरळ करणे सातव्याकडे आणि बोटांची मूठ आठव्याकडे असते. पुतण्याचे वर्णन याच्याशी तंतोतंत जुळते. ‘एशिया’ ही मज्जारज्जूच्या दुखापतीची तीव्रता ठरवणारी श्रेणी आहे. तिच्यातील ‘ए’ म्हणजे गुदद्वाराजवळच्या सर्वांत खालच्या भागात स्पर्शही कळत नाही आणि स्नायू आवळताही येत नाही. या तपासणीचा संकोच वाटून ती अनेकदा घाईत उरकली जाते किंवा नुसतीच लिहिली जाते. ती आता पुन्हा, शांतपणे आणि जाणकाराकडून झाली पाहिजे, कारण ‘ए’ आणि ‘बी’ (म्हणजे तिथे स्पर्श कळतो, पण हालचाल नाही) यांच्यातला फरक पुढच्या उपचारांचे दार उघडतो किंवा बंद करतो. आणखी एक गोष्ट. ‘ए’ याचा अर्थ मज्जारज्जू दोरीसारखा तुटून दोन भाग झाला असा नाही. बहुतेक वेळा तो चिरडलेला असतो आणि त्या चिरडलेल्या भागातूनही काही धागे वाचलेले असू शकतात. नव्या संशोधनाची बरीचशी आशा या वाचलेल्या धाग्यांवरच उभी आहे.

आता सुयांविषयी. स्टेम सेल हे थोतांड आहे असे मी म्हणणार नाही, कारण रक्ताच्या कर्करोगात आणि थॅलेसेमियात मूळपेशींच्या प्रत्यारोपणाने माणसे बरी होतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे आपल्या देशात नेहमीचा उपचार म्हणून मान्यता आहे ती एवढ्याच, म्हणजे रक्त तयार करणाऱ्या पेशींच्या प्रत्यारोपणाला. मज्जारज्जूच्या दुखापतीसह बाकी सर्व ठिकाणी या पेशी केवळ मंजूर वैद्यकीय चाचणीत वापरता येतात. चाचणी असेल तर तिची नोंद भारताच्या चाचणी नोंदणीत, म्हणजे ‘सीटीआरआय’मध्ये असते, तिला नीतिमत्ता समितीची मंजुरी असते, आणि ज्या औषधाची परीक्षा चालू आहे त्याचे पैसे रुग्णाकडून घेतले जात नाहीत. उलट चाचणीमुळे इजा झाली तर भरपाई देण्याची तरतूद २०१९ च्या नियमांत आहे. म्हणून प्रतिनिधीला दोनच प्रश्न विचारावेत: नोंदणी क्रमांक कोणता, आणि चाचणी असेल तर साडेसात लाख कशाचे? ‘आमचा मान्यताप्राप्त उपचार आहे’ असे उत्तर आले तर वरच्या सूचना वाचून दाखवाव्यात.

जगात जे प्रामाणिक काम चालू आहे ते मात्र जाणून घेण्यासारखे आहे. जपानमधील केइओ विद्यापीठात डिसेंबर २०२१ मध्ये प्रथमच, प्रौढ पेशींना मागे नेऊन बनवलेल्या ‘आयपीएस’ पेशींपासून तयार केलेल्या चेतापेशी माणसाच्या जखमी मज्जारज्जूत सोडण्यात आल्या. चार रुग्णांचे निकाल मार्च २०२५ मध्ये जाहीर झाले. गंभीर दुष्परिणाम दिसला नाही, दोघांत सुधारणा झाली आणि त्यांतला एक आधाराशिवाय उभा राहू शकला. आनंदाची बातमी आहे, पण ते चौघे दुखापतीनंतर दोन ते चार आठवड्यांच्या आत घेतलेले रुग्ण होते आणि संख्या अवघी चार. त्याआधी २०१८ च्या अखेरीस जपान सरकारने रुग्णाच्याच अस्थिमज्जेतील पेशी वाढवून शिरेतून देण्याच्या एका उपचाराला सशर्त परवानगी दिली. त्यामागे १३ रुग्णांचा अभ्यास होता आणि तुलनेसाठी उपचार न दिलेला गट नव्हता, म्हणून जगभरच्या शास्त्रज्ञांनी त्यावर कडक टीका केली.

तुलनेचा गट नसला तर एवढे काय बिघडते, असे आपण विचाराल, आणि माझ्या मते सगळी गोम इथेच आहे. मानेच्या दुखापतीत जखमेला लागून असलेला एखादा स्तर पहिल्या वर्षात आपोआप परत येतो, हे आम्ही वारंवार पाहतो. सहाव्यावर अडकलेल्या मुलाचा सातवा हळूहळू जागा होतो आणि एके दिवशी तो कोपर सरळ करून दाखवतो. सुया विकणारे ज्या काळात दारात येतात तो हाच काळ असतो, तिसऱ्या महिन्यापासून दहाव्या महिन्यापर्यंतचा. म्हणजे पाऊस पडायच्या बेतात असताना कोणी पर्जन्ययाग करावा आणि पावसाचे श्रेय व दक्षिणा दोन्ही घ्यावी, तशातली ही गोष्ट आहे. आणि कंबरेत सुई टोचून पेशी सोडणे अगदी निरुपद्रवी असते असेही नाही. ताप, मेंदूच्या आवरणाचा दाह, वेदना हे धोके आहेतच. नाकातील पेशी मज्जारज्जूत बसवून घेतलेल्या एका तरुणीला आठ वर्षांनी त्याच जागी गाठ झाल्याचे आणि ती शस्त्रक्रियेने काढावी लागल्याचे २०१४ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले आहे.

चित्रफितीतला माणूस खरा आहे. स्वित्झर्लंडमधील लोझान येथील गटाने मे २०२३ मध्ये हे काम प्रसिद्ध केले: मेंदूवर बसवलेले विद्युत्अग्र चालण्याचा विचार ओळखतात, संगणक तो वाचतो आणि कंबरेच्या भागात मज्जारज्जूवर बसवलेल्या पट्टीला संकेत देतो. पण तो गृहस्थ कुबड्या किंवा वॉकर घेऊन चालतो, त्याची दुखापत अपूर्ण होती, आणि हे यश एका माणसाचे आहे. मज्जारज्जूवर बसवायच्या अशा विद्युत् पट्टीचा पाया २०११ मध्ये अमेरिकेतील लुइव्हिल येथे घातला गेला. २०१८ मध्ये तीन वेगवेगळ्या गटांनी अशी पट्टी बसवलेले काही रुग्ण पावले टाकू लागल्याचे दाखवले, आणि २०२२ मध्ये लोझानच्याच गटाने संपूर्ण लकवा असलेले तिघे उभे करून चालवले. बातमीत न येणारा भाग असा, की या बहुतेक रुग्णांनी यंत्रासोबत महिनोन् महिने, दररोज, तासन्‌तास व्यायाम केला, आणि बहुतेकांत यंत्र बंद केल्यावर हालचालही बरीचशी थांबते. मेंदूतील चिपने संगणकाचा बाण हलवणारा तरुण आपण कदाचित २०२४ मध्ये पाहिला असेल; त्याचे हातपाय त्या चिपने हलत नाहीत. आणि ‘नाचणाऱ्या रेणूंनी’ लकवा बरा झाला हा जो निरोप दर सहा महिन्यांनी माझ्या मोबाइलवर येतो, तो २०२१ मधला उंदरांवरचा प्रयोग आहे.

या सर्वांत आपल्या पुतण्याच्या सर्वांत जवळचा उपचार म्हणजे मानेच्या त्वचेवरून, शस्त्रक्रियेशिवाय दिले जाणारे विद्युत् उत्तेजन. ६० रुग्णांच्या एका चाचणीत आधी दोन महिने नुसते व्यायाम आणि नंतरचे दोन महिने व्यायामासोबत उत्तेजन देण्यात आले. ७२ टक्के रुग्णांच्या हातांची शक्ती आणि कामे दोन्ही सुधारली, आणि त्यांत दुखापतीला अनेक वर्षे झालेले रुग्णही होते. निकाल २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेत त्या यंत्राला परवानगी मिळाली. मात्र त्या चाचणीत ‘ए’ श्रेणीचे रुग्ण घेतलेच नव्हते. फेरतपासणीत आपला मुलगा ‘बी’ निघाला तर या वाटेकडे लक्ष ठेवण्यात अर्थ आहे. नाही निघाला, तर आज तरी नाही. आपल्याकडे कोणतेही साधे स्नायू-उत्तेजक यंत्र दाखवून ‘तेच हे’ असे सांगणारे आता भेटू लागले आहेत, त्यांच्यापासून सावध असावे.

आता मुदतीच्या उपचाराकडे येतो. त्याला नर्व्ह ट्रान्सफर म्हणतात. कल्पना शेतकऱ्याला चटकन कळेल अशी आहे: कॅनॉलचा मुख्य पाट फुटला, पण वरच्या अंगाला दोन चाऱ्या वाहत आहेत आणि त्यांतली एक नसली तरी शेत भिजते, मग ती चारी वळवून कोरड्या वावराच्या पाटाला जोडायची. कोपर वाकवायला दोन मोठे स्नायू असतात, म्हणून एकाचा मज्जातंतू काढून बोटे आणि अंगठा मिटणाऱ्या मज्जातंतूला जोडता येतो. तळहात वर करणाऱ्या एका लहान स्नायूचा मज्जातंतू बोटे उघडणाऱ्या मज्जातंतूला जोडला जातो, आणि खांद्याच्या मागची एक शाखा कोपर सरळ करणाऱ्या स्नायूला. मज्जारज्जूची जखम आहे तशीच राहते. तिला वळसा घातला जातो. मेलबर्नच्या शल्यचिकित्सकांनी २०१९ मध्ये १६ तरुण रुग्णांत केलेल्या अशा ५९ जोडण्यांचे निकाल प्रसिद्ध केले. काही जोडण्या फसल्या, परंतु दोन वर्षांनी बहुतेकांना कोपर सरळ करणे, वस्तू धरणे, चिमटीत पकडणे साधले होते. घास तोंडात घालणे, दात घासणे, चाकाची खुर्ची स्वतः ढकलणे, स्वतःची लघवीची नळी स्वतः घालणे, ही त्यातून परत येणारी कामे आहेत. चालण्याच्या चित्रफितीपुढे ती लहान दिसतात. रात्री तीन वाजता आईला हाक न मारता पाणी पिता येणे लहान आहे की मोठे, हे पुतण्यालाच विचारावे.

मुदत का, तेही सांगतो. जोडलेला मज्जातंतू दिवसाला साधारण एक मिलिमीटर या वेगाने वाढत स्नायूपर्यंत पोचतो, म्हणजे फळ दिसायला सहा महिने ते दोन वर्षे लागतात. जखमेच्याच स्तरावरच्या स्नायूंचा संबंध पूर्ण तुटलेला असतो आणि ते वाट पाहता पाहता वर्ष-दीड वर्षात कायमचे सुकतात. त्याहून खालच्या स्नायूंना थोडी अधिक सवलत असते, पण त्यांचेही निकाल लवकर केलेल्या शस्त्रक्रियेत चांगले येतात. म्हणून सहाव्या महिन्याच्या सुमारास ठरवायचे आणि शक्यतो वर्षाच्या आत करायचे, असा अनुभवी हातांचा कल असतो. कोणता स्नायू कोणत्या स्थितीत आहे ते ईएमजी व नर्व्ह कंडक्शन या, स्नायू आणि मज्जातंतूंतील विद्युत् संकेत मोजणाऱ्या, तपासणीने कळते. आपोआप जागा होत असलेल्या स्नायूवर घाईने हात टाकायचा नसतो, म्हणून ही तपासणी सोडू नये. मुदत टळली तरी दार पूर्ण बंद होत नाही: स्नायूंचे कंडरे वळवण्याची जुनी शस्त्रक्रिया अनेक वर्षांनीही करता येते आणि तिची चिमटी पुष्कळदा अधिक जोरकस असते, पण तीत बोटे उघडण्याची नजाकत तेवढी येत नाही.

यात एक चूक माझ्या पदरी आहे. २०१५ च्या सुमारास माझ्याकडे अशाच दुखापतीचा, पुतण्याच्याच वयाचा एक मुलगा होता. घरचे एका ठिकाणी सुया घेत होते. मी त्यांना परोपरीने समजावले, ते ऐकेनात, आणि मी मनातून थोडा रागावून ‘सुया झाल्यावर या’ म्हणालो. ते आले तेव्हा २० महिने उलटले होते आणि ईएमजीत कोपर सरळ करणारा स्नायू निपचित होता. सुयांचा वाद बाजूला ठेवून त्याच दिवशी त्यांना हाताच्या शल्यचिकित्सकाकडे पाठवायला हवे होते. तेव्हापासून मी दोन्ही गोष्टी एकाच बैठकीत बोलतो, जशा या उत्तरात बोलत आहे.

हे काम करणारे हात आपल्याकडे आहेत, याचे कारण दुर्दैवी आहे. मोटारसायकलच्या अपघातांत खांद्याजवळचे मज्जातंतूंचे जाळे तुटण्याचे प्रमाण भारतात मोठे असल्याने, पुणे-मुंबईत आणि दक्षिणेत मज्जातंतू जोडण्याच्या शस्त्रक्रिया नियमित करणारे प्लास्टिक व हस्तशल्यचिकित्सक तयार झाले. त्यांतील ‘मानेच्या दुखापतीतही केल्या आहेत का, किती केल्या आहेत’ असे सरळ विचारून निवड करावी. मुंबईत हाजी अली येथे केंद्र सरकारची भौतिक वैद्यक व पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था आहे. त्याआधीची तपासणी, क्ष-किरण, व्यायामाची सुरुवात हे छत्रपती संभाजीनगरच्या घाटी या सरकारी रुग्णालयात किंवा आपल्याला जवळच्या अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयात होऊ शकते. दिवाळी झाल्यावर बघू, मग ऊस गेल्यावर बघू, असे कृपया होऊ देऊ नये.

शस्त्रक्रियेपर्यंत हात आणि शरीर तिच्या लायकीचे ठेवणे घरच्यांच्या हाती आहे, आणि इथे प्रेमापोटीच नुकसान होते. मनगट वर उचलले की बोटे आपोआप किंचित मिटतात; या मुलांची ही निसर्गदत्त पकड असते आणि ती बोटांच्या थोड्या आखडलेपणावर अवलंबून असते. मालिश करणारे मनगट मागे वाकवून त्याच वेळी बोटेही ताठ सरळ ओढतात आणि ती पकड घालवतात. मनगट वर असताना बोटे मिटू द्यावीत, मनगट खाली असतानाच बोटे उघडावीत. विटेचा शेक, गरम पाण्याची पिशवी, बिब्याचे तेल, डाग देणे यांतले काहीही संवेदना नसलेल्या त्वचेवर करू नये. बिब्याने उतलेली पाठ बरी करण्यात तीन महिने गेलेले रुग्ण मी पाहिले आहेत, आणि अंगावर उघडी जखम असताना भूल देऊन नियोजित शस्त्रक्रिया करायला कोणी तयार होत नाही. दर दोन तासांनी कूस बदलणे, खुर्चीत असताना दर पाव ते अर्ध्या तासाने भार हलका करणे, रोज आरशाने माकडहाड पाहणे, एवढे चुकू देऊ नये.

लघवीची कायमची नळी हा माझ्या दृष्टीने सर्वांत तातडीचा बदल आहे. स्वच्छ हाताने दर चार ते सहा तासांनी नळी घालून मूत्राशय रिकामे करण्याची पद्धत १९७२ पासून जगभर रूढ आहे. पूर्वी हे रुग्ण मूत्रपिंडे निकामी होऊन जात. अशा काळजीने ते चित्र पालटले. एका वेळी साठणारी लघवी सुमारे ४०० ते ५०० मिलिलिटरपुढे जाऊ नये, त्या हिशेबाने पाणी वाटून द्यावे. आज हे काम भाऊ किंवा वडील करतील. मूत्राशय फार आवळत असेल तर गोळ्या आहेत आणि त्यांनी भागले नाही तर मूत्राशयात बोटॉक्सचे इंजेक्शनही देतात. या कामासाठी त्याला अमेरिकेत २०११ पासून मान्यता आहे.

एक धोका मात्र घरातील प्रत्येकाला पाठ असला पाहिजे. अचानक ठणकणारे डोके, चेहऱ्यावर लाली व घाम आणि त्याच्या नेहमीच्या आकड्यापेक्षा २० ते ४० ने चढलेला रक्तदाब, असे दिसले तर डोकेदुखीची गोळी देत बसू नये. ताबडतोब उठून बसवावे, कपडे सैल करावेत, नळी तुंबली आहे का पाहावे, मूत्राशय आणि मग गुदाशय रिकामे आहे का पाहावे. बहुतेक वेळा कारण तिथेच सापडते. रक्तदाब उतरला नाही तर दवाखाना. गावच्या डॉक्टरांनाही हे लिहून द्यावे, कारण त्यांनी असा रुग्ण कदाचित पाहिला नसेल. तसेच त्याला छातीखाली घाम येत नाही, त्यामुळे आपल्या ४२ अंशांच्या उन्हाळ्यात त्याचे अंग आपोआप तापते आणि घरचे टायफॉइड समजून सलाईन लावतात. पत्र्याच्या खोलीत त्याला ठेवू नये, आणि ओला टॉवेल हाताशी असू द्यावा.

पैशांचे थोडक्यात. दिव्यांगत्वाचे यूडीआयडी प्रमाणपत्र काढून घ्यावे, खुर्चीपासून प्रवास सवलतीपर्यंत सगळे त्यावर चालते. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या शेतकरी अपघात अनुदान योजनेत दोन अवयव निकामी झाल्यास २ लाख रुपयांची तरतूद आहे आणि खातेदाराखेरीज कुटुंबातील एका सदस्याचाही तीत विचार होतो. मे महिन्यात अर्ज केला नसेल तर तालुका कृषी अधिकाऱ्यांना आजच भेटावे. खर्च करायचाच असेल तर चांगली गादी, मापाची खुर्ची, नळ्या आणि आठवड्यातून पाच दिवस घरी येणारा फिजिओथेरपिस्ट यांवर करावा.

माझ्याकडे किंवा अन्य कोणाकडे जाताना शस्त्रक्रियेपूर्वीचा व नंतरचा एमआरआय, सुटीचा कागद, गेल्या महिन्याची लघवीची तपासणी आणि मूत्रपिंडाची सोनोग्राफी सोबत न्यावी. त्याच्या दोन्ही हातांची एक मिनिटाची चित्रफीत दर पंधरा दिवसांनी, एकाच जागी व एकाच उजेडात काढून ठेवावी: कोपर वाकवताना, सरळ करण्याचा प्रयत्न करताना, मनगट उचलताना. सातवा स्तर आपोआप जागा होत आहे की नाही, हे शल्यचिकित्सकाला त्या चित्रफितींवरून पुष्कळ कळते.